संस्थेला सामायिक यंत्रांचा व्यवसाय झेपेल का? आधी दिवस मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या सहकारी संस्थेचे १४० सभासद आहेत, खते-बियाण्यांचा व्यवसाय नीट चालतो, बँक कर्ज द्यायला तयार आहे. सर्वसाधारण सभेत हार्वेस्टर, दोन ट्रॅक्टर आणि पेरणी यंत्र घेऊन सभासदांना भाड्याने द्यायचा विषय निघाला आणि जवळजवळ सगळ्यांनी हात वर केले. आता हा व्यवसाय संस्थेला झेपेल की नाही, हे ठरवायचं कसं, असं तुम्ही विचारता आहात. सचिव म्हणून सही तुमची असणार, म्हणून तुम्ही घाई करत नाही आहात, हे मला फार बरं वाटलं.

गेली बावीस वर्षं मी अशा संस्थांचे प्रस्ताव तपासत आले आहे. काही संस्था यंत्रांच्या जोरावर उभ्या राहिलेल्या पाहिल्या. काहींचं यंत्र तिसऱ्या वर्षी शेडमध्ये उभं राहिलं ते पुन्हा बाहेर आलंच नाही, आणि त्या कर्जाच्या हप्त्यांनी चांगला चाललेला खतांचा व्यवसायही खाली ओढला. या दोन प्रकारच्या संस्थांत भांडवलाचा किंवा सभासदांच्या संख्येचा फरक मला कधी फारसा दिसला नाही. फरक होता तो यंत्र घेण्याआधी दिवस मोजले होते की नाही, एवढाच.

आधी त्या वर केलेल्या हातांबद्दल. "यंत्र हवं का?" असं विचारलं की कोण नाही म्हणेल? त्या होकाराची किंमत शून्य आहे. प्रत्येक सभासदाला वेगळं बसवून विचारायचे प्रश्न असे असतात: कुठल्या कामाला, किती हेक्टरला, कुठल्या आठवड्यात यंत्र लागतं? आज ते काम कोण करून देतं आणि त्याला काय देता? त्या माणसाबद्दल तक्रार काय आहे: दर, वेळ की काम? आणि शेवटचा प्रश्न, तो पैशांचा: पुढच्या हंगामाची आगाऊ रक्कम आज भरता का? शंभर हात वर झाले आणि तिसांनी पैसे भरले, तर तुमच्याकडे तीस ग्राहक आहेत, शंभर नाहीत.

तक्रार काय आहे हे विचारणं मला फार महत्त्वाचं वाटतं. लोक दराबद्दल कुरकुर करतात, पण खोदून विचारलं की बहुतेक वेळा दुखणं वेळेचं निघतं. भाडेवाला मोठ्या शेतांकडे आधी जातो, लहान तुकडेवाल्याचा गहू उभा राहतो. असं असेल तर तुमच्या संस्थेचं काम स्वस्तात यंत्र देणं हे नसून वेळेवर देणं हे आहे. मग सगळा हिशोबच वेगळा मांडावा लागतो.

तो हिशोब हार्वेस्टरवर करून दाखवते, कारण तेच सगळ्यात महाग आहे आणि त्याचीच गर्दी सगळ्यात जास्त होते.

यंत्राची रुंदी मीटरमध्ये घ्या, वेग ताशी किलोमीटरमध्ये घ्या, गुणाकार करून दहाने भागा. तासाला किती हेक्टर ते मिळतं. चार मीटर रुंदीचं यंत्र ताशी चार किलोमीटरने चाललं तर १.६ हेक्टर. विक्रेता हाच आकडा सांगतो. पण शेताच्या टोकाला वळावं लागतं, टाकी रिकामी करावी लागते, कोपरे राहतात. अमेरिकी कृषी अभियंत्यांच्या एएसएबीई या संस्थेच्या प्रमाणकांत हार्वेस्टरची शेतातली कार्यक्षमता ६५ ते ८० टक्के धरलेली आहे, तीही मोठ्या, सलग शेतांच्या अनुभवावर. लहान, तिरप्या-तुकड्यांच्या शेतांसाठी मी ५० टक्क्यांच्या वर जात नाही. म्हणजे ताशी ०.८ हेक्टर.

आता दिवस. सकाळी दव असतं, पीक ओलं असतं, दाणा नीट सुटत नाही. यंत्र खऱ्या अर्थाने दहाच्या सुमाराला चालू होतं. संध्याकाळी पुन्हा ओल धरते. मधला वेळ डिझेल, ग्रीस, जाळ्या साफ करणं, एका शेतातून दुसऱ्या शेतात जाणं यात जातो. खरे कामाचे तास सात हाती लागले तरी मी खूश असते. सात तास गुणिले ०.८, म्हणजे दिवसाला ५.६ हेक्टर.

आणि असे दिवस किती? गहू तयार झाल्यापासून दाणे झडायला लागेपर्यंत, समजा, अठरा दिवस मिळतात. त्यातले पावसाचे, बिघाडाचे, सुटा भाग यायची वाट बघण्याचे दिवस वजा करा. तेरा उरतात असं धरू. तेरा दिवसांत ७३ हेक्टर.

तुमच्या १४० सभासदांकडे सरासरी १.४ हेक्टर गहू आहे, असं तुम्ही लिहिलं आहे. म्हणजे १९६ हेक्टर. एक हार्वेस्टर त्यातल्या ७३ हेक्टरांना पुरतं, म्हणजे बावन्न सभासदांना. उरलेल्या अठ्ठ्याऐंशी जणांनीही त्याच सभेत हात वर केला होता. त्यांना काय सांगायचं याचं उत्तर संचालक मंडळाकडे आज नसेल, तर कापणीच्या चौथ्या दिवशी ते उत्तर संस्थेच्या दारात भांडणातून ठरेल.

शेतं एकमेकांपासून किती लांब आहेत हेही नकाशावर मांडा. अर्ध्या एकराचं काम पंधरा मिनिटांत होतं आणि तिथे पोहोचायला तितकाच वेळ लागतो, अशी परिस्थिती असेल तर दिवसाचे ५.६ हेक्टर तीनवर येतात. म्हणून नावांच्या क्रमाने नव्हे, शिवाराच्या भागांप्रमाणे पाळी लावावी लागते. शेजारी-शेजारी असलेल्या दहा जणांनी मिळून एक दिवस घ्यायचा, ही पद्धत मी पाहिलेल्या सगळ्या टिकाऊ संस्थांत कुठल्या ना कुठल्या रूपात होती.

"मग तीन हार्वेस्टर घेऊ" असं कुणीतरी म्हणेलच. इथे हिशोबाची दुसरी बाजू येते. यंत्राची किंमत एक लाख मानू, चलन कुठलंही घ्या. दहा वर्षांनी ते पंधरा हजाराला विकलं जाईल असं धरलं तर दरवर्षी घसारा, म्हणजे यंत्राच्या किमतीतली घट, साडेआठ हजार. सरासरी गुंतलेल्या रकमेवर दहा टक्क्यांनी व्याज पावणेसहा हजार. विमा, शेड, इतर देणी दोन हजार. हे झाले सव्वासोळा हजार, यंत्र एक तासही न चालता. म्हणजे किमतीचा साधारण सहावा भाग दरवर्षी नुसत्या उभ्या यंत्रावर जातो.

तेरा दिवसांत तुमचं यंत्र चालतं ९१ तास. तासाला १७९ नुसता हा उभ्या यंत्राचा, म्हणजे स्थिर खर्च. दुसऱ्या एखाद्या पिकाच्या कापणीतही तेवढेच तास मिळाले तर ८९. आता भाडेवाल्याकडे बघा. तो एका भागातली कापणी संपली की पुढच्या भागात जातो, पिकाच्या मागे मागे फिरतो आणि वर्षाला पाचशे तास काढतो. त्याचं यंत्र सहा वर्षांत झिजतं, म्हणून त्याचा घसारा जास्त धरू. तरी त्याला तासाला ४४ च्या आसपास पडतात, म्हणजे तुमच्या ८९ च्याही निम्मे. संस्थेला नफा नको असतो, म्हणून संस्थेचं यंत्र स्वस्त पडेल, असा एक गोड समज आहे. नफा सोडल्याने जेवढं वाचतं त्याहून कितीतरी जास्त कमी तास चालल्याने जातं.

म्हणजे तुम्ही एका चिमट्यात आहात. यंत्रं कमी घेतली तर रांग लांबते, जास्त घेतली तर तासाचा खर्च वाढतो. हा चिमटा ज्या यंत्राला घट्ट बसतो ते यंत्र पहिलं घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हार्वेस्टर त्यात सगळ्यात वर. पेरणी यंत्र दुसरं, कारण वाफसा आला की तो सगळ्यांच्या शेतात एकदमच येतो.

उलट जमीन सपाट करणारं लेझर लेव्हलर, खोल नांगरट करणारा सबसॉइलर, शेणखत पसरवणारं यंत्र, काडीकचऱ्याचा भुगा करणारं श्रेडर, बियाणे साफ करून प्रतवारी करणारं यंत्र, यांना तेवढी घाई नसते. काम आज झालं काय, पंधरा दिवसांनी झालं काय, पिकाचं मोठं नुकसान होत नाही. शिवाय एकट्या शेतकऱ्याला ही यंत्रं वर्षातून दोन-चार दिवसच लागतात, म्हणून ती कुणी स्वतःची घेत नाही. सामायिक मालकीला याहून योग्य यंत्र नाही. सभेत हार्वेस्टरला टाळ्या पडतात आणि प्रतवारी यंत्राला पडत नाहीत, हे मला माहीत आहे. पण तुम्हाला आधी रांग चालवायला शिकायचं आहे, आणि ते शिक्षण घाई नसलेल्या यंत्रावर घ्यावं.

दुरुस्तीबद्दल थोडं थांबून सांगते, कारण भल्या भल्या संस्था इथे फसलेल्या मी पाहिल्या आहेत. इंधन, चालक, तेल हे खर्च रोज डोळ्यांसमोर असतात, त्यात कुणी फार चुकत नाही. दुरुस्तीचा खर्च मात्र सरळ रेषेत वाढत नाही. त्याच एएसएबीईच्या प्रमाणकांत दोनचाकी ओढीच्या ट्रॅक्टरचं आयुष्य १२,००० तास धरलं आहे आणि तेवढ्या तासांत दुरुस्तीवर नव्या ट्रॅक्टरच्या किमतीएवढी रक्कम जाते असं मानलं आहे. पण ती कशी जाते बघा. एक लाखाच्या ट्रॅक्टरवर पहिल्या २,००० तासांत तीन हजारसुद्धा लागत नाहीत. पहिल्या ६,००० तासांत पंचवीस हजार. आणि नंतरच्या ६,००० तासांत पंचाहत्तर हजार. तास दुप्पट झाले की एकूण दुरुस्ती चौपट, असा तो चढ आहे.

संस्था काय करते? पहिल्या दोन वर्षांचा अनुभव बघून दर ठरवते. "दुरुस्ती तर काहीच नाही, दर कमी करा" असा ठराव होतो, सभासद खूश. त्या काळात तासाला दीडसुद्धा खर्च आलेला नसतो. पूर्ण आयुष्याची सरासरी मात्र तासाला आठच्या वर आहे. म्हणून पहिल्या तासापासून आठ बाजूला काढा, वेगळ्या खात्यात ठेवा, आणि त्या खात्याला हात लावायला सर्वसाधारण सभेचीच परवानगी लागेल असा नियम करा. अनेक हातांतून फिरणारं यंत्र मालकाच्या हातातल्या यंत्रापेक्षा जास्त झिजतं, म्हणून मी तर आठाचे दहा करते.

अनेक हातांचं काय होतं ते एका पेरणी यंत्रात मी अगदी जवळून पाहिलं. हंगाम संपून दोन महिने झाले होते. पत्र्याच्या शेडमध्ये यंत्र ताडपत्रीखाली ठेवलेलं. झाकण उघडलं तर बियाण्याच्या पेटीत मूठभर गहू राहिला होता, त्याला ओल लागून कोंब फुटले होते आणि त्यांची पांढरी मुळं बी सोडणाऱ्या चकत्यांच्या खाचांत शिरून वाळली होती. शेजारच्या खताच्या पेटीत उरलेल्या खताचं पाणी सुटून त्याची दगडासारखी ढेप झाली होती आणि खालचा पत्रा बोटाने दाबला तर भुगा पडत होता. शेवटी यंत्र कुणी वापरलं, असं विचारलं. चार नावं आली. चौघांनीही खरं तेच सांगितलं: मी परत केलं तेव्हा ते असंच होतं. यंत्र परत घेताना पेटी उघडून बघायची आणि सही करायची, एवढं पाच मिनिटांचं काम कुणाकडे सोपवलेलंच नव्हतं.

म्हणून तपासणी करताना मी ताळेबंदाआधी नोंदवही मागते. तुमच्या संस्थेकडे आज यंत्र नाही, पण गोदामाची साठा-वही आहे ना? ती काढा. पोत्यांचा जमाखर्च रोज लिहिला जातो की महिन्याअखेरी आठवून? यंत्राची वही त्याच सवयीने लिहिली जाणार आहे. एका संस्थेत ट्रॅक्टरची वही चाळताना मला ११ तारखेची शेवटची नोंद दिसली: मीटर १,२४६. १२ तारखेची पहिली नोंद: मीटर १,२५१. मधले पाच तास कुणाचेच नव्हते. चालकाला विचारलं तर तो खाली बघत राहिला. ते पाच तास एका संचालकाच्या नातेवाइकाच्या शेतावर गेले होते. पाच तासांचं भाडं ही मोठी रक्कम नव्हती. पण ती वही गावात सगळ्यांना पाठ होती. पुढच्या हंगामात आगाऊ भरणाऱ्यांची संख्या निम्म्यावर आली आणि कारण म्हणून प्रत्येकाने दुसरंच काही सांगितलं.

तर मंडळाला बसवून एक प्रश्न विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहा. कापणीचा सहावा दिवस आहे, आभाळ भरून आलं आहे, पाळी एका लहान सभासदाची आहे आणि अध्यक्षांचं शेत शेजारीच तयार उभं आहे. यंत्र कुठे जाईल? आणि "लहान सभासदाकडे" असं उत्तर आलं, तर पुढचा प्रश्न: अध्यक्षांना नाही म्हणायचा अधिकार कुणाला दिला आहे? ज्याला तो दिला आहे त्याची नोकरी अध्यक्षांच्या मर्जीवर असेल तर तो अधिकार दिलेलाच नाही. पाळी चिठ्ठ्या टाकून ठरवा, दरवर्षी क्रम उलटा फिरवा, शिवाराच्या टोकाकडून सुरुवात करा, काहीही करा. पण पेरणीच्या वेळीच कापणीचा क्रम कागदावर लावून भिंतीवर टांगा. आयत्या वेळी ठरवलेला कुठलाही क्रम लोकांना पक्षपातीच वाटतो, तो न्याय्य असला तरी.

दंडाबद्दलही आधीच ठरवा. सामायिक साधनसंपत्तीवर आयुष्यभर काम केलेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. लोकांनीच चालवलेल्या, दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांत त्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: पहिल्या चुकीला शिक्षा हलकी असते आणि चूक पुन्हा झाली की ती चढत जाते. माझा अनुभव अगदी हाच आहे. पहिल्यांदा यंत्र न धुता परत केलं तर धुण्याचं शुल्क, दुसऱ्यांदा अनामत जप्त, तिसऱ्यांदा पुढच्या हंगामात पाळी शेवटची. पहिल्याच चुकीला सभासदत्व रद्द करण्याचा कडक नियम कागदावर छान दिसतो, पण तो कुणावरच लावला जात नाही.

आता बांधिलकीचा मुद्दा. सभासदाकडून तोंडी होकार घेऊन यंत्र घेणं म्हणजे सगळा धोका संस्थेने एकटीने उचलणं. याचं जुनं आणि पक्कं उत्तर मला फ्रान्समध्ये दिसतं. तिथे शेतीयंत्रांच्या सामायिक वापरासाठी खास सहकारी संस्था आहेत, त्यांना क्युमा म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टरांची टंचाई होती तेव्हा, १९४५ मध्ये, त्यांना कायद्याने स्वतंत्र रूप मिळालं. आज अशा सुमारे दहा हजार संस्था तिथे आहेत. अशी संस्था काढायला चार सभासद पुरतात, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. आणि त्यातलं मर्म असं: सभासद नुसता संस्थेचा सभासद नसतो, तो एकेका यंत्राला बांधील असतो. या यंत्रावर मी इतके हेक्टर किंवा इतके तास काम घेईन, असं तो लिहून देतो आणि त्या प्रमाणात भागभांडवल भरतो. ही बांधिलकी साधारण यंत्राचं कर्ज फिटेपर्यंतची असते.

यातून तुमच्यासाठी धडा असा निघतो की १४० जणांची एकच यंत्रयोजना करू नका. लेव्हलरचा गट वेगळा, श्रेडरचा वेगळा, उद्या हार्वेस्टरचा वेगळा. ज्यांनी लेव्हलरला पैसे घातले नाहीत त्यांच्या डोक्यावर लेव्हलरचा तोटा नको, आणि ज्यांनी घातले त्यांनाच पाळीचा पहिला हक्क. हार्वेस्टरच्या हिशोबात आपण पाहिलं की यंत्र बावन्न जणांनाच पुरतं. मग गट पन्नासचाच करा. तेवढ्यांनी लिहून दिलं, पैसे भरले, तर उरलेल्यांना खोटी आशा लावायची वेळच येणार नाही. करारात एक कलम हवंच: ठरलेले हेक्टर वापरले नाहीत तरी स्थिर खर्चाचा वाटा भरावा लागेल. हे कलम वाचून काही जण उठून जातील. ते आत्ता गेलेले बरे, कर्ज घेतल्यावर नव्हे.

गटाबाहेरच्यांना आणि सभासद नसलेल्यांना यंत्र द्यावं का? गटाची पाळी संपल्यावर, जास्त दराने, रोख, आणि चालक संस्थेचा असेल तरच. यंत्राचे तास वाढवायचा हा चांगला मार्ग आहे, फक्त तुमच्या नियोजनात त्या उत्पन्नावर हप्ता अवलंबून ठेवू नका.

चालकाबद्दल दोन शब्द, कारण सगळा व्यवसाय शेवटी त्याच्या हातात असतो. सभासदाने स्वतः चालवायचं यंत्र आणि संस्थेच्या चालकाने चालवायचं यंत्र यांची यादी वेगळी करा. ट्रॅक्टरला जोडायचं साधं अवजार सभासद नेऊ शकतो. स्वतःचं इंजिन असलेलं आणि महाग असं काहीही सभासदाच्या हाती देऊ नका, मग तो कितीही हुशार असो.

चालकाला पगार कसा द्यायचा यावरही कामाची प्रत ठरते. सोव्हिएत संघात यंत्र-ट्रॅक्टर केंद्रं होती, सरकारी मालकीची. सामूहिक शेतांना ती नांगरट-कापणी करून देत. कामाचं मोजमाप हलक्या नांगरटीच्या हेक्टरांत रूपांतर करून व्हायचं आणि चालकाची कमाई त्यावर ठरायची. साहजिकच जास्त हेक्टर भरावेत म्हणून उथळ नांगरट व्हायची. पीक कमी आलं तर ते शेतकऱ्यांचं दुखणं. १९५८ मध्ये ही व्यवस्था मोडीत काढून यंत्रं सामूहिक शेतांना विकण्यात आली. यावरून मी एवढंच घेते: नुसत्या हेक्टरावर पैसे दिले की काम उथळ होतं आणि नुसत्या तासावर दिले की ते रेंगाळतं. महिन्याचा निश्चित पगार, वर हेक्टरामागे थोडी रक्कम, आणि ती शेतकऱ्याने काम पाहून सही केल्यावरच. शिवाय रोज सकाळी ग्रीस-तेल करण्याचा अर्धा तास कामाचाच धरा. तो बिनपगारी ठेवला तर ग्रीस होत नाही आणि बेअरिंग जातं.

तुमच्या खतांच्या व्यवसायामुळे तुम्हाला उधारीची सवय आहे, ती मला इथे धोक्याची वाटते. खताची उधारी पीक विकल्यावर येते आणि तोवर घाऊक पुरवठादार थांबतो. डिझेलवाला आणि चालक थांबत नाहीत. यंत्राची हिशोबवही आणि बँक खातं खतांपासून पूर्ण वेगळं ठेवा. एका व्यवसायाच्या शिलकीतून दुसऱ्याचा खड्डा भरायची सोय एकदा झाली की कुठला चालतो आणि कुठला बुडतो हे कुणालाच कळत नाही, सचिवालासुद्धा.

आणि मालकी घेणं हा एकच मार्ग आहे असं समजू नका. ज्या वर्षी सोव्हिएत केंद्रं बंद झाली त्याच वर्षी, १९५८ मध्ये, जर्मनीतल्या बव्हेरियात एरिख गायर्सबर्गर यांच्या कल्पनेतून पहिलं यंत्रमंडळ सुरू झालं. यंत्रं ज्याची त्याच्याच मालकीची. मंडळ फक्त गाठ घालून देतं: कुणाकडे कुठलं यंत्र मोकळं आहे, कुणाला हवं आहे, दर काय, पैसे कसे वळते करायचे. तुमच्या १४० सभासदांत आधीच किती ट्रॅक्टर आहेत ते मोजलंत का? बहुतेक संस्थांत ते पुरेसे असतात आणि वर्षातला बराच काळ उभे असतात. तुमच्या यादीतले दोन ट्रॅक्टर मी या एका कारणासाठी आजच खोडेन. सभासदांचे ट्रॅक्टर आणि संस्थेची अवजारं, ही जोडी संस्थेचं भांडवल कमी गुंतवते, शिवाय ट्रॅक्टरवाल्या सभासदांना प्रतिस्पर्धी करण्याऐवजी सोबत घेते.

माझा सल्ला असा. या हंगामात काहीही विकत घेऊ नका. दोन यंत्रं निवडा, एक घाई नसलेलं आणि एक घाईचं, उदाहरणार्थ लेव्हलर आणि हार्वेस्टर. ती भाडेवाल्याकडून ठरावीक दिवसांसाठी संस्थेच्या नावाने घ्या. पाळी संस्थेने लावायची, आगाऊ रक्कम संस्थेने घ्यायची, वही संस्थेने लिहायची, भाडेवाल्याचे पैसे संस्थेने चुकते करायचे. थोडा तोटा झाला तरी हरकत नाही, ती शिकवणीची फी समजा. यंत्राच्या एका वर्षाच्या घसाऱ्यापेक्षा ती कमीच असेल.

हंगाम संपल्यावर तीन आकडे काढा. लिहून दिलेल्या हेक्टरांपैकी प्रत्यक्षात किती हेक्टर झाले. मीटरच्या नोंदींत किती तासांची गळती सापडली. आणि काम झाल्यापासून पंधरा दिवसांत किती बाकी वसूल झाली. पहिला आकडा ८० टक्क्यांच्या वर, दुसरा शून्य आणि तिसरा ९० टक्क्यांच्या वर असेल तर घाई नसलेलं यंत्र घ्यायला मी आनंदाने हो म्हणेन, आणि दोन वर्षांनी हार्वेस्टरवर पुन्हा बोलू. दुसरा आकडा शून्य नसेल, तर बाकीचे दोन कितीही चांगले असले तरी कर्जाच्या कागदावर सही करू नका. आधी ते तास कुणाच्या शेतावर गेले ते शोधून त्याचं भाडं वसूल करा, आणि पुढचा हंगाम पुन्हा भाड्याच्याच यंत्रावर काढा.